आणि तुमचे भंते?

दुसऱ्यांच्या धर्मगुरूला ज्या मापानं मोजता, त्याच मापानं आपल्या धर्मगुरूला कधी मोजलंय का? खरं सांगा. मी नाही मोजलं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही.

मी विश्रांतवाडीचा. बाबा पत्रकं वाटायचे, मी ती वाचत वाढलो. ठळक अक्षरातलं वाक्यही खोटं असू शकतं, हे मला फार उशिरा कळलं. कळलं, कारण ते मीच लिहिलं होतं.

कॉलेजसाठी सदाशिव पेठेत खोली घेतली आणि स्वतःचं पत्रक काढलं. विषय – दोन धर्मगुरू. एक पेठेतले महाराज. प्रवचनाला मैदान भरतं, आणि निवडणूक आली की उमेदवाराशेजारी बसतात. दुसरे आमच्या विहारातले भंते. महाराजांबद्दल लिहिलं ते खरं होतं, आजही मागे घेत नाही. भंतेंबद्दल एकच वाक्य लिहिलं : आमचे भंते सत्तेच्या मंचाची पायरी कधीच चढले नाहीत.

चढले होते. मीच चढवलं होतं. रस्ता रुंदीकरणात विहाराची भिंत जाणार होती. ती वाचवायचा शब्द एका उमेदवारानं दिला – भंते त्याच्या सभेत दिसले तर. ते नको म्हणत होते. मी हट्टानं, विहारात कुणाला न सांगता, स्कूटरवर बसवून नेलं. त्यांनी शाल घेतली, आशीर्वाद दिला. भिंत वाचली. आमचं कारण महाराजांपेक्षा चांगलं होतं? असेलही. पण मग ते लिहायचं होतं ना!

मुग्धा माझ्या वर्गातली, नारायण पेठेतली. घर आजोबांपासून महाराजांचं. पत्रक वाचून तिनं चहाच्या टपरीवर विचारलं, "आणि तुमचे भंते? खरंच कधी नाही गेले?"

"कधीच नाही. तुमच्यासारखं नसतं आमच्यात."

"बरंय बाबा. आमच्या देवघरात देव कमी, महाराजांचे फोटो जास्त."

घरी जाऊन तिनं त्या फोटोंना हार घालायला नकार दिला. तेव्हापासून वडील तिच्याशी बोलत नाहीत. जेवलीस का, हेही आईमार्फत विचारतात. माझ्या 'कधीच नाही'वर ती अजून ठाम उभी आहे.

पौर्णिमेला विहारात पत्रक वाचलं गेलं. चांगलं काही ऐकलं की आमच्याकडे सगळे एका सुरात तीनदा 'साधु' म्हणतात. म्हणाले. मीही म्हणालो – माझ्याच खोट्याला, तीनदा. निघताना भंते म्हणाले, "छान लिहिलंयस. हे भंते कोण, मलाही भेटव एकदा."

खरं बोलायला त्यांनी जागा करून दिली होती. मी हसलो.

आता विहारात जात नाही. मुग्धाचा फोन वाजू देतो. भांडण कुणाशीच नाही, दोन्हीकडे मान आहे – आणि त्या मानात बसायला मी एकटाच. हे छापून आलं की पहिली प्रत मुग्धाला देणार आहे. ती काय करेल, ते तिचं.

तुम्ही एक करा. मी पुन्हा कुठल्या सभेत दोन धर्मगुरूंची तुलना करायला उभा राहिलो, तर पुढच्या रांगेतून विचारा – आणि तुमचे? मी उत्तर देईपर्यंत खाली बसू नका.