पोताऱ्याखालची रेघ

माह्या सासूले लोक तापट म्हणत. म्हणोत बापडे! रुखमाबाईचं नाव निघालं का माही मान आजही ताठ होते. काहून, ते ऐका.

आर्णीच्या वरच्या अंगाले, अरुणावतीच्या काठी आमचं गाव. गाव उंचावर अन् आमची वस्ती खाली, नदीकडं. छप्पन साली आमच्या लोकांनी दीक्षा घेतली, देव्हारे रिकामे केले अन् घरं अशी लख्ख ठेवू लागलो का पाहणाऱ्यानं पाहतच राहावं. दसरा जवळ आला का पांढऱ्या मातीचा पोतारा भिंतीले अगदी आढ्यापर्यंत. त्यात मी प्रभावती नवी सून, मले तर चेवच चढे.

अठ्ठावन साली भादव्यात नदी फुगली अन् वस्तीत कमरेवर पाणी आलं. टेकाडावरच्या गायरानात पळून आम्ही जीव वाचवला. पाणी उतरलं तवा घराच्या तीन भिंती बसल्या होत्या. त्या मारोतीनं, म्हणजे माह्या मालकानं, नव्या घातल्या. समोरची तेवढी उभी राह्यली, पण तिच्यावर गाळाची काळी रेघ. मले पाहवेना. दीक्षेचा दिवस तोंडावर अन् घराचं थोबाड असं? म्या त्या रेघेवर चांगला जाड पोतारा दिला अन् मधोमध निळीनं पिंपळाचं पान काढलं. वस्तीतल्या साऱ्या बायांनी आपापल्या भिंती तशाच पोतारून काढल्या.

पुढं उन्हाळ्यात सरकारचा नियम आला. पुराचं पाणी जिथवर चढलं त्याच्याखाली घर बांधायचं नाही, अन् ज्यांची घरं खाली हायत त्यांना उंचावर जागा द्यायची. आमच्या गावात उंचावर जागा म्हणजे ते गायरान. पाहणीले तालुक्याहून ओव्हरसियर आले, संगं सरपंच सदाशिवराव. गायरानात सदाशिवरावांचीच ढोरं चरत, ते हातचं जाऊ नये हाच त्यांचा सारा आटापिटा. त्यांनी छातीठोक सांगितलं का वस्तीत पाणी शिरलंच नाही. भिंती पाहा ना सायेब, एक डाग तरी दिसते का? ओव्हरसियर माणूस भला, पण तो तरी काय करीन? खूण दाखवा म्हणे, खुणेशिवाय जागा लिहून देता येत नाही. अन् खूण तर आम्हीच हौसेनं झाकून बसलेलो! सायेब तसेच परतले असते तर पुढच्या पुरातही आम्ही तिथंच बुडणार होतो.

रुखमाबाई घरात गेली, खुरपं घेऊन आली अन् सरळ माह्या पानावर चालवलं. मी धावली अन् तिचा हात धरला. आमच्या घरची जुनी भिंत ती एवढीच, रेघ निघन तर तिथंच, हे मले कळत होतं, पण जीव जळला ना! चार माणसांसमोर म्या तिले नाही नाही ते बोलून घेतलं. तिनं शांतपणानं हात सोडवला.

"भिंत पुन्हा होईन, प्रभा. जागा पुन्हा नाही भेटत."

पोताऱ्याच्या खपल्या पडल्या अन् खालून रेघ निघाली. ओव्हरसियरनं जवळ येऊन बोट लावून पाह्यलं. सदाशिवराव म्हणाले, एका घराचं काय, ओल असन. तवा शेजारच्या सत्यभामानं आपल्या भिंतीले खुरपं लावलं. मग घरोघरी खुरपी निघाली अन् मीही एक उचललं. अख्खी वस्ती सोलून निघाली, अन् रेघ या घरातून त्या घरात एका पातळीत गेलेली साऱ्यांनी पाह्यली. सायेबानं सुतळी ताणून खात्री केली अन् टेकाडावर खुंट्या ठोकाले सांगितल्या.

वर आमची नवी वस्ती झाली. दोन-तीन वर्षांनी दसरा तोंडावर असताना परतीच्या पावसानं नदी पुन्हा चढली. जुन्या भिंती आमच्या डोळ्यांदेखत पाण्यात बसल्या, पण खाली माणूस म्हणून एक नव्हतं. सदाशिवरावांचा गोठा मात्र त्याच काठाले. गावाकडची वाट पाण्याखाली गेलेली, म्हणून ढोरं सोडून घेऊन ते भिजत टेकाडावर आले, ते थेट आमच्याच आंगणात. मारोतीनं ढोरं बांधून घेतली. सासूनं घोंगडी टाकली अन् चहा पुढं केला. आमच्या घरचा चहा घेतील का नाही, हे तिनं काही विचारलं नाही, अन् त्यांनी गुपचूप घेतला.

ओसरीच्या भिंतीवर म्या सकाळीच पोतारा देऊन पान काढलं होतं. दमलेले सदाशिवराव मागं रेलणार, तेवढ्यात रुखमाबाई म्हणाली,

"बसा सदाशिवराव, खुशाल बसा. फक्त भिंतीले टेकू नका, सुनेचा पोतारा ओला हाय."

पाणी उतरेपर्यंत आमच्या गावचे सरपंच त्या ओसरीत पाठ न टेकता बसले.