गालातला बोळा

त्र्याहत्तर साली कारंजाहून निघालेल्या एस.टी.त ती माझ्या बाजूला बसली होती. सुजलेल्या गालावर पदर दाबलेला. दवाखान्यात अक्कलदाढ काढली, अन् तिथंच तिले माय गेल्याचा निरोप आला.

दात आवळूनच बोलली, "डाक्टर म्हने, कापसाचा बोळा दाबून धर. तोंड उघडलं तं रगत थांबनार नाही."

"मंग बोलू नका ना, बाई."

"बोलनं राहू द्या. पन लेक न रडता दारात आली, तं माय कशी जाईन?"

माहेरी, कामरगावले उतरली, बोळा काढून फेकला, अन् "माय वो!" म्हणून असा हंबरडा फोडला, की कंडक्टर घंटीची दोरी ओढायचं विसरला. तिच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं.

पुढं माझी दाढ काढली, तेव्हा तिची आठवण आली. घंटाभर तोंड मिटून बसली मी. डोळ्यांबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते.