शनिवारची साक्ष

नवरा गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे आमच्या ऑफिसात येणारे लोक फाईल मागायला येत. थेट कुणी म्हणत नसे. आधी बसत, पाणी पीत, सर कसे होते ते सांगत, आणि मग हळूच दुसऱ्या वकिलाचं नाव घेत. त्यांचं काही चुकत नव्हतं. आम्ही दोघंही वकील, पण कोर्टात उभा राहायचा तो. मी दावे, नोटिसा, कैफियती लिहायची. लग्नापासून वाटणी तशीच होती. न्यायाधीशांसमोर बोलणं मला कधी जमलंच नाही. तेव्हा मागायला आलेल्या फायली मी देत गेले, आणि महिनाअखेरीस जागा सोडते, असं घरमालकांना सांगून टाकलं.

प्रश्न राहिला विद्यार्थ्यांचा. लॉ कॉलेजची चार-पाच मुलं-मुली आमच्याकडे काम शिकायला येत. त्यांच्यासाठी त्यानं शनिवारची दुपार राखून ठेवली होती. खुर्च्या भिंतीला सरकवायच्या, टेबलाशेजारी एक साक्षीदाराची मांडायची, तिच्यावर तो स्वतः बसायचा आणि मुलांनी त्याचा उलटतपास घ्यायचा. खटला बनावट, साक्षीदार मात्र अस्सल. कधी तो अणदूरचा म्हातारा व्हायचा, कधी कारखान्याचा चिडका वॉचमन.

"बघितलं का नाही, तेवढंच सांगा," एखादा मुलगा दरडावायचा.

"बघितलं म्हंजी, सायब, बघितल्यासारखंच झालं की," हा शांतपणे म्हणायचा. आतल्या खोलीत टाइप करताना मलाही हसू आवरत नसे.

त्याचा हट्ट एकच होता. हवं ते उत्तर मिळालं की खाली बसा. मुलांना नेमकं तेच जमत नसे. साक्षीदारानं काही कबूल केलं, की आनंदाच्या भरात ती आणखी एक प्रश्न विचारत आणि त्याच्या उत्तरात हा सगळं पाण्यात घालवायचा.

तो गेल्यावरही मुलं शनिवारी येत राहिली. कागद लावत, माझ्यासाठी चहा सांगत. मी त्यांना दुसरी ऑफिसं शोधायला सांगितलं, बाकीच्यांना ती मिळालीही. ढोकीहून येणारी एक मुलगी मात्र शोधायलाच जाईना. खोदून विचारल्यावर तिनं सांगितलं, की सरांशी बोलून आणि ऑफिसात मी असते हे बघूनच तिच्या वडिलांनी तिला इथं पाठवलं होतं. अनोळखी ऑफिसात ते पाठवणार नाहीत. पदवी मिळेल, पण वकिली राहून जाईल.

पुढच्या शनिवारी वडीलच आले. ढोकीत त्यांचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे. बसल्यावर बराच वेळ ते माझ्या नवऱ्याबद्दल चांगलं बोलले. मग म्हणाले, "मॅडम, बुरा मानू नका. सर होते तवर आमाला फिकीर नव्हती." मुलीची पुस्तकं कपाटात होती, ती न्यायला आले होते. मुलगी एकेक काढू लागली. बाकीची मुलं अवघडून बसली होती. शेवटी त्यांच्यातला एक म्हणाला, "चाचा, साक्षीला बसता का? सर गेल्यापासून आम्हाला साक्षीदारच न्हाय."

मला वाटलं, ते चिडतील. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि विचारलं, "खोटं बोलावं लागंल का?"

"तुमच्या मर्जीवर."

त्या आठवड्याचा खटला असा होता, की शुक्रवारी भर दुपारी उसाच्या ट्रॉलीनं ढोकीच्या रस्त्यावर एक मोटारसायकल उडवली. वडिलांनी कागद वाचला आणि ट्रॉलीवाल्याची बाजू घेतली. मोटारसायकल मधोमध उभी होती, आपण दुकानात बसून डोळ्यांनी पाहिलं, असं त्यांनी ठोकून दिलं. मुलांनी आळीपाळीनं उलटतपास घेतला. ते जागचे हलले नाहीत. चष्मा आहे का? आहे, लावलेला होता. अंतर किती होतं? "तू ये दुकानावर, दाखवतो. चहा पण पाजतो."

मुलं हसली, ते खुलले. मग मुलगी हातातली पुस्तकं ठेवून पुढे आली. घरी बापलेक दखनी उर्दूत बोलतात. इथं ती मराठीत बोलली, वर न बघता.

"घटनेचा वार कोणता?"

"शुक्रवार."

"वेळ?"

"एक-दीडचा सुमार."

"शुक्रवारी त्या वेळी तुम्ही दुकानात असता?"

शुक्रवारी त्या वेळी शटर ओढून ते जुम्याच्या नमाजाला जातात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. खेळातसुद्धा त्यांना त्यावर खोटं बोलवेना.

"न्हाय," ते म्हणाले. "त्या टायमाला मी दुकानात नसतो."

मुलं पुढे सरसावली. मग पाहिलं कसं, ते विचार, असं कुणीतरी कुजबुजलं. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

"आणखी प्रश्न नाहीत," ती म्हणाली आणि बसली.

तो असताना हे तिला एकदाही जमलं नव्हतं. मी उठून खिडकी उघडायला गेले. ती उघडीच होती.

मागे वडील मुलांकडे तक्रार करत होते, "बापालाच धरलं की हिनं." आवाजात तक्रार नव्हती. मग त्यांनी मला विचारलं, "मॅडम, हे ऑफिस चालू राहील का?"

तोवर सगळ्यांनी मला कधी बंद करणार, एवढंच विचारलं होतं. मुलगी आपल्या हातांकडे बघत होती. कोर्टात उभं राहणारं कुणी नव्हतं, फायलीही बऱ्याचशा गेल्या होत्या. लिहायचं काम तेवढं हातात होतं, आणि शनिवार होता.

"राहील," मी म्हणाले.

"मग उजेड असतानाच एस.टी.त बसवा तिला."

व्यापारी माणूस. माझ्या नुसत्या शब्दावर त्यांनी मुलीला ठेवून जावं, हे मला बरं वाटेना. म्हणून जागा सोडत नाही, हे सांगायचा घरमालकांना फोन मी त्यांच्यासमोरच लावला.