कॅलिफोर्नियाची रंगीत तालीम

सुट्टीचा विषय आमच्या घरात जानेवारीतच निघायचा, तोही ऑफिसमुळे. जर्मनीत वर्षभराच्या रजा वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाकाव्या लागतात. मी आणि माझा नवरा दोघेही गेर्लिंगेन नावाच्या गावात नोकरी करायचो आणि दोघांच्याही टीममध्ये डिसेंबरपासून एकच विचारणा सुरू व्हायची: तुम्ही कधी जाणार? त्या वर्षी जेवताना नवऱ्याने एकदम जाहीर केलं, "फिंग्स्टफेरिएनमध्ये कॅलिफोर्निया."

फिंग्स्टफेरिएन म्हणजे मे-जूनच्या सुमारास शाळेला मिळणारी दोन आठवड्यांची सुट्टी. सुट्टी नसताना मुलांना शाळेतून काढून प्रवासाला नेणं इथे चालत नाही, त्यामुळे जे काही करायचं ते त्या दोन आठवड्यांतच. आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो आणि ती जर्मनमध्ये उत्तरं द्यायची. कॅलिफोर्निया म्हटल्यावर तिने चमचा खाली ठेवला आणि कुठली कुठली थीम पार्क्स तिथे आहेत, ते एका दमात सांगितलं. वर्गातली एक मैत्रीण आदल्या वर्षी जाऊन आली होती.

नवऱ्याला मात्र शहरं बघायची होती. सॅन फ्रान्सिस्कोचा तो लाल पूल, लॉस एंजेलिसच्या डोंगरावरची वेधशाळा, उतारावरून धावणाऱ्या जुन्या ट्राम. कॉलेजात असताना त्या पुलाचं, गोल्डन गेटचं, एक चित्र त्याच्या हॉस्टेलच्या खोलीत होतं, असं तो सांगायचा. त्याने लगेच लॅपटॉपवर तक्ता मांडला. सकाळी पार्क, दुपारी शहर, संध्याकाळी समुद्र. अर्ध्या अर्ध्या तासाचे रंगीत चौकोन. मी ते बघूनच दमले.

"यात माणसं जेवणार कधी?" मी विचारलं.

"गाडीत," तो म्हणाला.

त्यातच सासूबाईंचं येणं ठरलं. त्या कराडला एकट्याच राहायच्या. पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या. सासरे जाऊन दोन वर्षं होत आली होती. माझी नणंद अमेरिकेत असते, तिच्याकडे जाण्यासाठी काढलेला व्हिसा आईंच्या पासपोर्टवर होता. म्हणून नवऱ्याने ठरवलं की त्यांना एप्रिलमध्ये इकडे बोलवायचं आणि मग आपल्याबरोबर कॅलिफोर्नियालाही न्यायचं. फोनवर त्याने आईंना विचारलं, "आई, तिकडे तुला काय बघायचंय?"

"तुम्ही ठरवाल ते," आई म्हणाल्या.

हे त्यांचं नेहमीचं उत्तर होतं. लग्न होऊन आल्यापासून मी ते ऐकत होते. भाजी कुठली करू? तुम्हाला आवडेल ती. साडी कुठली घेऊ? तुला बरी वाटेल ती. सासऱ्यांच्या काळात घरातलं सगळं सासरेच ठरवायचे, त्यामुळे आईंच्या बोलण्यात मला कधी काही वेगळं जाणवलं नाही. ते गेल्यानंतरही त्या तसंच म्हणत राहिल्या, तेव्हा मात्र ते खुपायला लागलं. ठरवणारं माणूस उरलं नव्हतं आणि त्या अजूनही कुणीतरी ठरवायची वाट बघत होत्या.

एप्रिलमध्ये आई आल्या. पहिले काही दिवस त्या खिडकीशी बसून समोरच्या सफरचंदाच्या झाडांकडे बघत असायच्या. नात शाळेतून आली की दोघी शेजारी शेजारी बसायच्या, पण बोलणं जमायचं नाही. आजी मराठीत विचारायची, नातीला कळायचं, ती जर्मनमध्ये सांगायची आणि आजी नुसती हसायची. मध्ये मी दुभाषी.

नवऱ्याच्या तक्त्यात आता नवीन काळजी शिरली. आईंना दिवसभर चालवेल का? गुडघे सोडले तर त्यांची तब्येत ठणठणीत होती, पण थीम पार्कात सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं राहायचं म्हणजे गंमत नव्हे. मीच सुचवलं की आधी इथेच एक दिवस बघू. कार्ल्सरूहे शहराच्या पुढे, फ्रान्सच्या सीमेजवळ एक मोठं पार्क आहे. तिथे नेऊ, अंदाज येईल.

"रंगीत तालीम!" नवरा खूश झाला.

शनिवारी सकाळी निघालो तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि हवेत चांगलाच गारठा होता. आईंनी पाचवारी साडी नेसली होती, पायात स्पोर्ट्स शूज, वर माझं निळं जॅकेट आणि कानाला स्कार्फ. पार्कच्या दारातून आत शिरलो आणि त्या थबकल्याच. समोर कारंजी, त्यामागे कुठल्या कुठल्या देशांसारखे बांधलेले रस्ते, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून आकाशात वळसे घेत गेलेले लोखंडी रूळ. त्यावरून एक गाडी माणसांच्या किंकाळ्यांसकट खाली कोसळली आणि पुन्हा वर चढली. आईंनी माझा हात घट्ट धरला.

"ही माणसं पैसे देऊन ओरडतात?" त्यांनी विचारलं.

मुलीला नेमक्या त्याच जातीच्या एका गाडीत बसायचं होतं. सगळ्यात मोठी नव्हे, मधली. असल्या गाडीला इथे आख्टरबान म्हणतात, म्हणजे रोलर कोस्टर. पण तिच्या उंचीच्या मुलांना बरोबर मोठं माणूस लागतं, अशी पाटी होती. नवऱ्याला गोल फिरणाऱ्या कशातही बसलं की मळमळतं, म्हणून तो खायला आणायला गेला होता. रांगेत मुलीबरोबर मी उभी राहिले, आईही सोबत होत्या. अगदी दारापाशी आलो तेव्हा वरून एक गाडी धाडकन गेली आणि मी कठडा धरून तिथेच थांबले.

"माझ्याच्याने नाही होणार गं," मी मुलीला म्हटलं. "बाबा आले की बघू."

"बाबा नाही बसणार," ती जर्मनमध्ये म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मागची माणसं आमच्याकडे बघत होती.

"मी बसते," आई म्हणाल्या.

मला वाटलं, त्या तिची समजूत घालताहेत. "अहो आई, ही ती वरची गाडी आहे. तुम्ही बघितलीत ना?"

"बघितली. पोरगी एकटी कशी बसेल?"

मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी स्कार्फ घट्ट बांधला, पदर कमरेला खोचला आणि नातीचा हात धरून दारातून आत गेल्या. तिथे काम करणाऱ्या मुलीने त्यांच्याकडे एकदा बघितलं, हृदयाकडे आणि पाठीकडे हात करून खुणेने विचारलं. आईंनी ठामपणे मान हलवली. काही त्रास नाही. मग दांडा खाली आला, कुलूप लागलं आणि गाडी निघाली.

मी कुंपणाला धरून उभी होते. गाडी चढण चढत होती आणि तिच्या पुढच्या भागात माझं निळं जॅकेट हळूहळू लहान होत चाललं होतं. नवरा बटाट्याच्या चिप्सचे डबे घेऊन आला.

"आई कुठे आहे?"

मी वर बोट दाखवलं. त्याचा विश्वास बसेना. तेवढ्यात गाडी माथ्यावर पोचली, क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि खाली आली. त्या किंकाळ्यांमध्ये आईंचा आवाज असेल का, तो कसा असेल, हे मला कळायला मार्ग नव्हता. इतक्या वर्षांत मी त्यांना मोठ्याने बोलतानाही ऐकलं नव्हतं.

त्या बाहेर आल्या तेव्हा स्कार्फ गळ्यात उतरला होता आणि केस उभे राहिले होते. चेहरा पांढराफटक. मी धावत गेले. "आई, बरं वाटतंय ना? बसताय का जरा?"

त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "वरून सगळं दिसतं गं," त्या म्हणाल्या. "केवढं लांब! ते काळं काळं जंगल, पलीकडे ते डोंगर. ते फ्रान्स का? आणि मग एकदम खालची जमीनच नाहीशी झाली. माझं मलाच कळेना, मी आहे की नाही."

"नोखमाल!" मुलगी उड्या मारत होती. "आजी, नोखमाल!"

मी दुभाषी व्हायला पुढे झाले, पण आईंनी मला हाताने थांबवलं. "पुन्हा म्हणतेय ना? मला कळलं. मलाही पुन्हा बसायचंय."

मला बसायचंय. त्यांच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. नवराही बघत राहिला. दोघी पुन्हा रांगेकडे गेल्या, मग आणखी एका गाडीकडे, मग पाण्यात आपटणाऱ्या होडीकडे. आम्ही दोघं चिप्स खात त्यांच्या मागून फिरत होतो. त्या दिवशी दमलो ते आम्ही. परतताना गाडीत मागच्या सीटवर दोघी एकमेकींना हाताने वळणं करून दाखवत होत्या. एकीचं मराठी, एकीचं जर्मन, आणि मध्ये माझी गरज कुणालाच नव्हती.

घरी आल्यावर मी त्यांना हळूच विचारलं, "आई, तुम्हाला हे आवडेल असं कधी वाटलं होतं?"

त्या स्कार्फची घडी घालत म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नव्हतं, कशात बसणार म्हणून. आणि खरं सांगू? मलाही ठाऊक नव्हतं."

सोमवारपासून कॅलिफोर्नियाचं नियोजन आईंनी हातात घेतलं. नात शाळेतून आली की दोघी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायच्या. एके संध्याकाळी त्या मुलाला म्हणाल्या, "अरे, रोज सकाळी पार्क आणि दुपारी शहर, असं नको. धड एकही होणार नाही. एक अख्खा दिवस पार्क, दुसरा दिवस शहर. शहरात पाय मोकळे होतील आणि पोरगी पुन्हा पार्कची वाट बघेल. आणि गाडीत जेवायचं नाही."

"गेनाऊ!" मुलगी म्हणाली. अगदी बरोबर!

नवऱ्याने निमूटपणे चौकोन पुसले. मग आईंनी जगाच्या नकाशावर कॅलिफोर्नियाच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. "हा समुद्र पश्चिमेला. आपल्या रत्नागिरीचाही पश्चिमेलाच. तिथून पलीकडे आफ्रिका. इथून पलीकडे काय?"

"जपान," नवरा म्हणाला. "मग चीन."

"आणि मग आपण," आई म्हणाल्या. बोट नकाशाच्या कडेवरून उचलून त्यांनी दुसऱ्या कडेला टेकवलं. "म्हणजे पश्चिमेकडे बघत बसलं, तरी शेवटी घरच." त्या स्वतःच चकित होऊन त्या दोन कडांकडे बघत राहिल्या. मी शाळेत हेच शिकले होते, पृथ्वी गोल आहे वगैरे, पण ते असं अंगावर कधी आलं नव्हतं.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही फ्रँकफर्टहून विमानात बसलो. कॅलिफोर्नियातल्या पार्कात आजी आणि नात दिवसभर हातात हात घालून फिरल्या. रात्री तिथे बांधलेल्या किल्ल्यावर आतषबाजी झाली तेव्हा आई मान वर करून इतका वेळ उभ्या राहिल्या, की दुसऱ्या दिवशी मानेला तेल चोळावं लागलं. वेधशाळेच्या कठड्यावरून लॉस एंजेलिस दिसलं, सरळ सरळ रेघांनी आखलेलं, पार समुद्रापर्यंत, आणि दिवेलागणीला त्या रेघा एकेक करून उजळत गेल्या. मग किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेकडे निघालो. एका वळणावर आईंनी गाडी थांबवायला लावली. कड्याखाली तो महासागर, बोटबीट काही नाही, नुसतं पाणी. त्या हात जोडून उभ्या राहिल्या. मुलीनेही हात जोडले.

सॅन फ्रान्सिस्कोला पोचलो त्या सकाळी शहर धुक्यात बुडालं होतं. पुलापाशी गेलो तर पूल नव्हताच. पायापुढचा थोडासा रस्ता, लाल कठडा आणि त्यापुढे पांढरं. दुरून कुठूनतरी भोंग्याचा जड, लांबलचक आवाज येत होता. नवऱ्याचा चेहरा पडला. "काहीच दिसत नाहीये," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"दिसत नाही तर हात लावून बघू," आई म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

आम्ही त्यांच्या मागे गेलो. शेजारून गाड्या धडाडत जात होत्या, वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं. आई कठड्याशी थांबल्या आणि वरून खाली आलेल्या लोखंडी दोरखंडावर त्यांनी तळहात ठेवला. "अरे, हा हलतोय," त्या म्हणाल्या. "हात लाव." नवऱ्याने हात लावला. मीही लावला. आतून बारीक थरथर येत होती, एखाद्या मोठ्या जनावराच्या पाठीवर हात ठेवावा तशी. मुलीने तर कानच टेकवला. डोळे मिटून ती कुजबुजली, "वान्झिन." म्हणजे वेडच लागेल असं काहीतरी.

तेवढ्यात वरचं धुकं फाटलं. खांबाचं फक्त टोक दिसलं, लाल, उन्हात न्हालेलं, खाली कशाचाही आधार नसल्यासारखं आभाळात लटकलेलं. किती उंच ते! आम्ही मान मागे टाकून जिथे बघत होतो, तिथे ते नव्हतंच. त्याहून कितीतरी वर होतं. कुणाचाही हात कॅमेऱ्याकडे गेला नाही. मग पांढरं पुन्हा मिटलं.

नवऱ्याने डोळे पुसले. वाऱ्यानेही असेल. आईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "पलीकडच्या टोकापर्यंत जायचं ना?"

"तुझे गुडघे?"

"ते येतील की माझ्याबरोबर."

तो हसला. मग मुलीला मध्ये घेऊन मायलेक पुढे निघाले, आईंच्या चालीने, प्रत्येक दोरखंडाला हात लावत. थोड्या अंतरावर ते धुक्यात पुसट झाले. नुसते त्यांचे आवाज येत राहिले, आणि त्या आवाजांमागून मी चालत राहिले.