ठिणगी न पडणारा डबा

पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले आणि त्यांच्याबरोबर मेकॅनिककाकांचं गिऱ्हाईकही गेलं. तरी ते रोज दुकान उघडून माशा मारत बसायचे. महिनाअखेर दुकान मेव्हण्याला द्यायचं, तो तिथे मोबाइलची कव्हरं विकेल, असं बायकोने निक्षून सांगितलं होतं. काकांनी मान डोलावली, पण जीव तुटत होता.

अशात कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम दुकानात आल्या. किरणोत्सार मोजायच्या यंत्राला नऊशे व्होल्ट लागत, ते पुरवणारा डबा जळाला होता. नव्याची किंमत ऐकून प्राचार्यांनी प्रयोगच बंद करा म्हटलं होतं. काकांना हसू आलं. आयुष्यभर टीव्हीतल्या पंचवीस हजार व्होल्टांशी खेळलेला माणूस तो, नऊशेचं काय घेऊन बसलात?

जुन्या टीव्हीतल्या ट्रान्सफॉर्मरला वेसण घालून त्यांनी आठ दिवसांत डबा उभा केला. तपासला मात्र टीव्हीवाल्यांच्या रीतीने: तार जवळ नेली, ठिणगी तडकली, झालं काम.

प्रयोगशाळेत यंत्र सुसाट टिकटिकायला लागलं. काका खूश. मॅडमनी किरणोत्सारी गोळी शिशाच्या पेटीत बंद केली, तरी टिकटिक तेवढीच. यंत्र डब्यातल्या विजेची थरथर मोजत होतं. टीव्हीत ती डोळ्याला कळतही नाही, म्हणून काकांनी कधी फिकीरच केली नव्हती. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

घरी त्यांचा चेहरा बघून बायकोने ताट वाढलं आणि ती फोन घेऊन आत गेली. पुढचे चार दिवस ते थरथर गाळायला कपॅसिटर आणि रेझिस्टन्सच्या माळा लावत राहिले. शेवटी डबा इतका गरीब झाला की ठिणगीही पडेना. टीव्हीसाठी असा डबा त्यांनी हातात धरला नसता.

मॅडमनी तो जोडला. काहीच आवाज नाही. मग एक टिक. दोन-तीन सेकंदांनी आणखी एक.

"बिघडलं ना?" काकांनी विचारलं.

"नाही हो काका. हे आपल्या आसपासचे नेहमीचेच किरणोत्साराचे कण. एवढेच यायला हवेत."

त्यांनी गोळी जवळ धरली, टिकटिक वाढली. पेटीत ठेवली, पुन्हा मंदावली. आणखी पाच टेबलांसाठी त्यांनी डबे सांगितले.

बाहेर येऊन काकांनी बायकोला फोन लावला. "तुझ्या भावाला सांग, दुसरी जागा बघ म्हणावं."

"तुम्ही तोंड पाडून आलात ना," ती म्हणाली, "त्याच दिवशी सांगितलं त्याला."