सरांची भाषणं

सरांनी माझ्या प्रबंधाचं एकही पान वाचलेलं नाही. मी त्यांना लिहून दिलेली भाषणं मात्र त्यांना तोंडपाठ आहेत.

सर म्हणजे माझे पीएचडीचे मार्गदर्शक. माझा विषय लेखन आणि वक्तृत्व शिकवण्याचा: कॉलेजातल्या मुलांना गाईडमधली वाक्यं सोडून स्वतःचं लिहायला, स्वतःचं बोलायला कसं शिकवावं. विषय सरांनीच सुचवला. का सुचवला ते नोंदणी झाल्यावर कळलं. कोल्हापूर जिल्ह्यात वक्ता म्हणून सरांना भारी मागणी. सत्कार, उद्घाटन, शोकसभा, त्यांना काहीही चालतं. आदल्या दिवशी मला फोन यायचा.

"उद्या कुरुंदवाडला गॅदरिंग हाय. दोन पानं टाक की. शेवटाला लोकांच्या डोळ्यात पाणी आलं पायजे."

मी टाकायची. नाही म्हणायची सोय नव्हती. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवालावर सरांची सही लागते. सही अडली की नोंदणी अडते, आणि पीएचडीच झाली नाही तर जन्मभर आत्तासारखंच कॉलेजात तासावर शिकवत बसायचं, सुट्टीत पगार नाही आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. म्हणून सकाळी वर्गात मुलांना सांगायची की ठेवणीतली वाक्यं नकोत, डोळ्यांनी पाहिलंय ते लिहा. आणि संध्याकाळी घरी येऊन सरांसाठी ठेवणीतलीच वाक्यं पाडायची. माझं दुसरं प्रकरण त्यांच्या टेबलाच्या खणात धूळ खात पडलेलं. विचारलं की म्हणायचे, "बघतो की. पळून चाललंय व्हय ते?"

बाबांचा यावर फार संताप व्हायचा. ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डर होते, ओतकामाचे साचे करायचे. तोंडानं फटकळ, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. पाहुण्यांकडं चहा पाणचट मिळाला तर त्या घरच्या बाईच्या तोंडावर विचारायचे, "ह्याला च्या म्हणत्यात व्हय?" नव्या पोरांना हातमोजे मिळेनात म्हणून साहेबाशी भांडले आणि त्यापायीच कारखान्यानं त्यांना नारळ दिला. मला म्हणायचे, "त्याची भाषणं तू लिवणार, मग तुझं कोण लिवणार? मी?"

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले.

आमच्याकडं रक्षाविसर्जनाला माणसं जमली की चार जण पुढं येऊन गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. या वेळी मला बोलायचं होतं. मला हातमोज्यांचं सांगायचं होतं, चहाचं सांगायचं होतं. लोक हसले असते तरी चाललं असतं, बाबांना आवडलं असतं. काकांना तसं सांगून ठेवलं होतं. पण सर आले. एवढा नावाजलेला वक्ता आपल्या दुःखात आला म्हटल्यावर काकांची छाती फुगली, आणि त्यांनी आधी सरांनाच पुढं बोलावलं.

सरांनी घसा साफ केला. "शब्द जपून वापरणारं एक मितभाषी व्यक्तिमत्त्व आज आपल्यातून निघून गेलं."

 हे वाक्य माझं होतं. एका शिक्षण संस्थेच्या खजिनदारांच्या शोकसभेसाठी मी ते लिहिलं होतं. पुढचं सगळं मला पाठ होतं आणि ते तसंच येत गेलं. त्यांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही. त्यांनी लावलेल्या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला. बदल एकच, संस्थेच्या जागी कारखाना घातलेला: त्या कारखान्याच्या विटेविटेत त्यांचा घाम आहे. ज्या कारखान्यानं बाबांना गेटवरून हाकललं, त्याच्या विटा! बाबांशी उभा दावा असलेले शेजारी माना डोलवत होते. चुलतीनं डोळ्याला पदर लावला.

सर थांबल्यावर काका म्हणाले, "सरांनी समदं सांगितलं. आता कुणी बोलायचं ऱ्हायलंय काय?"

 मी पुढं उभ्या असलेल्या सरांकडं बघितलं आणि जागची हलले नाही.

नंतर सर घरी आले, आईला भेटायला. शेजारणीनं चहा आणला. सर माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "तुझीच वाक्यं घेतली बघ, मुद्दाम. बापाला लेकीचे शब्द मिळाले." वर असंही म्हणाले की पुढच्या आठवड्यात ये, अहवालावर सही करून टाकू. चीड आणि किळस एकदमच आली. या माणसाला आपण चोरी केली असं वाटतच नव्हतं. उपकार केले असंच वाटत होतं.

तेवढ्यात आई बोलली.

"सर, लई ग्वाड बोललासा. पर आमचं मालक तसलं न्हवतं. तुमी दुसऱ्याच कुणाचं तरी बोललासा."

सर समजूतदारपणे हसले. "दुःखात असं वाटतंय, आई."

आईनं त्यांच्याकडं लक्षच दिलं नाही. ती माझ्याकडं बघत होती.

"आणि तू गं? तू बोलायचंच शिकतीस न्हवं? मग तू का गप ऱ्हायलीस?"

सर समोरच बसले होते. चहा पीत होते. चहा संपल्यावर मी उठून त्यांचा कप उचलला.