समुद्रसरांचा हौद

अकोल्यात लाईट गेली की शेजारच्या घरांतून शिव्या ऐकू यायच्या आणि आमच्या खोलीतून, "गेला माझा समुद्र!"

ओरडणारे आमचे समुद्रसर. कॉलेजात शिकवायचे आणि उरलेला वेळ कॉम्प्युटरमध्ये समुद्र चालवायचे. सबंध नव्हे, फक्त वरचा थर. ऊन पाणी तापवतं, वारा ते ढवळतो. तर वारा किती खोलवर ढवळतो, एवढंच त्यांना गणितात बसवायचं होतं. खरा समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. "त्यानं तरी मला कुठे पाहिलंय?" म्हणायचे.

सातवीतून शाळा सोडून मी तिसगावहून इथे बेकरीत कामाला आलो, तेव्हा ओळखदेख नसताना त्यांनी मला खोलीत अर्धी जागा दिली. मी सगळ्यालाच भ्यायचो, त्यांच्या कॉम्प्युटरलासुद्धा. "तो चावत नाही रे, फक्त चुकतो," ते म्हणत.

चूक एकच. गणितात वरचं पाणी नेहमी खऱ्यापेक्षा जास्त गरम यायचं. म्हणून ऐन थंडीत सर अंगणातल्या हौदावर टेबलफॅनचा वारा सोडून पाण्यात थर्मामीटर बुडवत बसायचे. गणित आणि हौद जुळले, तर समुद्रावर संशोधनाला निघालेल्या एका जहाजावर त्यांना जागा मिळणार होती. आणि एके दिवशी जुळले! सरांनी तसं कळवलं, जहाजाचं बोलावणंही आलं. सर पेढे घेऊन घरमालकीण मावशींकडे गेले, मागोमाग मी.

"चीज झालं म्हनायचं माझ्या कष्टाचं," मावशी म्हणाल्या. "हा आठवडाभर रोज सकाळी तुमच्या आधी तांब्याभर कढत पानी वतायचे मी हौदात. अलगद, वरच्या वर. तुमचे हात लई गारठायचे, बघवंना."

सरांनी तोंडातला पेढा कसाबसा गिळला.

"सर, आपन न्हाई सांगितलं तर कुनाला कळतंय?" मी हळूच म्हटलं.

"समुद्राला," ते म्हणाले आणि पत्र लिहायला बसले. निकाल रद्द समजावा, घरमालकिणीने गरम पाणी घातले होते. पोस्टाच्या पेटीपाशी मात्र त्यांचा हात पुढे होईना. "तू टाक," म्हणाले. मी टाकलं.

जहाज त्यांच्याविना गेलं. त्या सकाळीही सर हौदावरच होते. मावशी वाफाळता तांब्या घेऊन लांबच उभ्या राहिल्या. "न्हाई वतत, सर. आनला आपला सवयीनं."

"ओता की, मावशी," सरांनी थर्मामीटर बाजूला ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. "फक्त हौदात नको."